यादीत नाव नाही, म्हणून धोका नाही?

जून लागला की माझं टपाल वाढतं. कुणी पुराबद्दल विचारतं, कुणी दरडीबद्दल, कुणी विजेबद्दल. गोंधळ मात्र बहुतेकांचा एकच असतो: धोका म्हणजे पाऊस, नदी नाहीतर डोंगर. एकाच पावसात एका घरात नुसता चिखल होतो आणि दुसरं घर माणसांसकट जातं. हा फरक कुठून येतो, हे क्वचितच कुणी विचारतं. काही पत्रं घेतो. पत्र वाचून कुठल्याही जागेचा निकाल देता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : सांगलीजवळ प्लॉट बघितलाय, निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधला. एजंट म्हणतो, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. खरं आहे का?

उत्तर : साफ खोटं. लाल रेषा म्हणजे ज्या पुराची शक्यता दर वर्षी १ टक्का असते त्याची हद्द. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, म्हणजे दर वर्षी ४ टक्के. मागचा पूर कधी आला याने पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, सांगली-कोल्हापुरात पुन्हा पाणी शिरलं, हे एजंटालाही ठाऊक आहे. तीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर ते फिटेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता लाल रेषेवर सुमारे २६ टक्के आणि निळ्या रेषेवर सुमारे ७० टक्के. तुमचा प्लॉट या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. आणि असे प्लॉट कुणाच्या गळ्यात मारले जातात? ज्याला वरच्या अंगाची जमीन परवडत नाही त्याच्या. विसार देण्याआधी जलसंपदा विभागाच्या नकाशात गट नंबर तपासा, नगररचना कार्यालयाला लेखी विचारा. एजंटाच्या मोबाइलमधला नकाशा धरू नका.

प्रश्न : शेतात मोबाइल चालू असला की वीज पडते का?

उत्तर : नाही. झाडाखाली उभं राहणं सोडा, पक्क्या घरात जा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फुकट आहे.

प्रश्न : आमची वाडी पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या पोटाशी आहे. दरडप्रवण गावांच्या यादीत नाव नाही, तेव्हा घाबरू नका, असं ग्रामपंचायतीत सांगितलं. पण मागच्या पावसाळ्यापासून वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग दिसते.

उत्तर : भेग दिसतेय आणि तुम्ही यादीचं विचारताय? तहसीलदारांना आजच लेखी कळवा, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. तज्ज्ञ येऊन जागा बघेपर्यंत जोराच्या पावसात वाडीत रात्र काढू नका. झरा अचानक गढूळ झाला, विजेचे खांब कलले, दारं चौकटीत अडकू लागली, तर पाऊस थांबण्याचीही वाट बघू नका.

आता यादीबद्दल, कारण हेच पत्र मला दर वर्षी येतं, फक्त वाडीचं नाव बदलतं. इर्शाळवाडीचं नाव यादीत नव्हतं. सरकारनेच ते विधानसभेत सांगितलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या ठाकर वस्तीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वर जायला गाडीरस्ता नव्हता. पथकं पायी चढली आणि हातांनी माती उपसत राहिली. माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे, त्याला गावच दिसेना म्हणून.

यादी करणारे उतार बघतात, मातीचा थर, पाऊस, जुन्या दरडी बघतात. ते बघायलाच हवं, माझं त्याबद्दल भांडण नाही. भांडण पुढचं आहे. कागदावर नोंद बहुधा महसुली गावाची असते आणि वाडी असते गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर वर, दुसऱ्याच उतारावर. पाहणी होते पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. तेव्हा कातकरी, ठाकर कुटुंबं वीटभट्ट्यांवर असतात. पाहणारा दाराला कुलूप बघतो आणि ‘घर बंद’ लिहून पुढे जातो. पावसाच्या तोंडावर तीच माणसं पोराबाळांसह परततात, नेमकी धोक्याच्या दिवसांत. जुलैच्या रात्री त्या छपराखाली किती जण झोपतात, हे मेमध्ये भरलेल्या तक्त्यात कुठून येणार?

शिवाय कुणी विचारत नाही ते प्रश्न. मोबाइलला रेंज आहे का, की इशारा खालच्या गावातच अडकतो? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलून न्यायला घरात तरणं माणूस आहे का? शाळेत हलवलं तर शेळ्या कुठे बांधायच्या? साहेबांना शेळ्यांचा मुद्दा हसण्यावारी न्यावासा वाटतो. पण घरातली सगळी शिल्लक त्या चार शेळ्यांत असेल, तर माणूस त्या सोडून निघत नाही, आणि मग ‘लोक ऐकत नाहीत’ असा शेरा अहवालात येतो. घराखालची जमीन वनखात्याची असेल, तर कागद नसल्यामुळे पुनर्वसनाचा अर्ज पहिल्या टेबलावरच अडतो. उतार आणि पाऊस दोन वाड्यांत सारखे असले, तरी या उत्तरांवर मेलेल्यांचा आकडा बदलतो. मी धोका मोजणं म्हणतो ते याला.

ग्रामसभेचा ठराव घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्याकडून स्थळपाहणी मागा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. एक प्रत त्यांना द्या आणि पोच शिक्क्यासह घ्या. ‘बघू गणपतीनंतर’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

प्रश्न : औसा तालुक्यात आमचं दगड-मातीचं जुनं घर आहे. वर स्लॅब टाकला की ते भूकंपरोधक होतं, असं मिस्त्री म्हणतो.

उत्तर : उलट होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. माणसं मेली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. कच्च्या भिंतीवर स्लॅबचं ओझं चढवणं म्हणजे तेच पुन्हा करणं. आधी भिंतींना आडवे पट्टे, कोपऱ्यांची बांधणी, आरपार दगड बघावे लागतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. मिस्त्रीला त्यानंतर बोलवा.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. तालुकावार ‘सामाजिक असुरक्षितता निर्देशांक’ काढतेय, म्हणजे आपत्तीची झळ कुठल्या भागातल्या माणसांना जास्त बसेल याचा आकडा. २०११ च्या जनगणनेचे आकडे चालतील का? कोणत्या घटकाला किती वजन द्यावं?

उत्तर : वजनाचा वाद नंतर घाला. २०११ चे आकडे वापरायचे, तर ते किती जुने आहेत हे पहिल्या पानावर लिहा. तालुक्याची सरासरी तर मला नकोच. माळीण ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मंचरचा बागायती पट्टाही आहे. दोन्हींची सरासरी काढलीत की पश्चिमेकडचा आदिवासी भाग कागदावरून गायब. गावापर्यंत, जमलं तर वाडीपर्यंत उतरा. आणि एका वाडीत जुलैत जाऊन या, अर्थात मार्गदर्शकांना आणि तहसील कार्यालयाला सांगून.

प्रश्न : आम्ही चिपळूणला भाड्याने राहतो. २०२१ च्या पुरात आमचं सामान गेलं, पण पंचनामा घरमालकाच्या नावाने झाला. मी विधवा आहे, घरात दोन लहान मुलं. पुन्हा तसंच झालं तर?

उत्तर : ताई, पंचनामा होत असताना तिथे हजर राहा आणि घरातल्या सामानाची नोंद वेगळी, राहणाऱ्याच्या नावाने करायला सांगा. आधार, रेशनकार्ड, वीजबिल आणि भाडेकरार यांच्या प्रती गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे आजच ठेवा. भाडेकरार नसेल तर करून घ्या. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे. पाणी ओसरल्यावर सामान हलवण्याआधी फोटो काढा. नोंद नाकारली, तर तहसीलदारांकडे लेखी हरकत घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्यात स्त्रिया आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीतली माणसं, दोन्हींची नावं आहेत. २०२१ च्या नोंदीबद्दल अजून काही करता येईल का, हेही त्याच वकिलाला विचारा. मी इथून सांगणं बरोबर नाही.

प्रश्न : भूकंप आठ दिवस आधी सांगणारं ॲप घ्यावं का? वर्षाची वर्गणी आहे.

उत्तर : घेऊ नका, तसं कुणालाच सांगता येत नाही. पैसे भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.