आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकं) आणि यूएस गॅप (अमेरिकेचे हिशेब-नियम), दोन्ही ताळेबंदांसाठी दोन सॉफ्टवेअर घ्यावी लागतात का?

नाही. एकच पुरतं, फक्त त्यात समांतर लेजर हवं, म्हणजे दोन्ही नियमांसाठी शेजारी-शेजारी चालणारी खातेवही. नोंद एकदाच करायची, फरक तेवढे दुसऱ्या लेजरात. ऑपरेटिंग लीजचंच (साध्या भाडेकराराचंच) बघा: यूएस गॅपमध्ये सहसा दरमहा सारखा खर्च, आयएफआरएस १६ मध्ये भाडेकरूकडे घसारा आणि व्याज वेगळं.

खरी गोची चलनात होते. सॉफ्टवेअरच्या डेमोत, डॉलरमधल्या हिशेबात, १,००० युरोचं येणं १.१० डॉलर दराने टाका, महिनाअखेर १.१२ ने पुनर्मूल्यांकन (नव्या दराने पुन्हा किंमत) चालवा. २० डॉलर नफा दिसायला हवा. मग मालासाठी युरोत दिलेली, परत न मिळणारी आगाऊ रक्कम टाकून पाहा. ती मौद्रिक बाब नाही (तिच्या बदल्यात पैसे नाही, माल येणार), पुनर्मूल्यांकनाचा तिला हात लागता कामा नये. लागला, तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला तिथेच अडवा. (गोड बोलतील, ऐकू नका.)