ट्रस्ट की कंपनी हे नंतर. आधी पगार कधी, ते ठरवा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात, गाव मंगळवेढ्याकडचं. गावातल्या दहा-बारा बायकांना घेऊन ज्वारीच्या कडक भाकरीचा उद्योग काढायचा. नोंदणी ट्रस्ट म्हणून करावी की कंपनी, आणि अनुदान कुठून मिळेल?

बचत गटांबरोबर माझी चौदा-पंधरा वर्षं गेली, त्यातली तीन नेमकी कडक भाकरीत. तो उद्योग बुडाला. नोंदणी आमची चोख होती, अनुदानही मिळालं होतं.

झालं असं, की पुण्यातल्या एका दुकानदाराने मोठी ऑर्डर दिली. पैसे नव्वद दिवसांनी. आम्ही हुरळून गेलो. साधा गुणाकार कुणी केला नाही. 12 बायका, रोजचे 250 रुपये, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 78 हजार. तीन महिन्यांची उधारी म्हणजे 2 लाख 34 हजार, तेही नुसती मजुरी. ज्वारी, जळण, पाकिटं वेगळी. त्यात पावसाळा लागला. कडक भाकरी सादळली की संपलं, आणि वाटेत मोडलेल्या भाकऱ्यांचे पैसे दुकानदार कापून घ्यायचा. दुसऱ्या महिन्यात बायका एकेक करून खुरपणीला परत गेल्या. आम्ही शहाणे म्हणत होतो, "यांना दूरचं दिसत नाही." अहो, खुरपणीचे पैसे संध्याकाळी हातात पडतात आणि गुरुवारी बाजार असतो. दिसत आम्हालाच नव्हतं.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली रोजच्या पैशांची गोष्ट कुणी सांगत नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी एका गच्चीवर, 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, हे तेव्हाच ठरलं. पण मला मोठी वाटते ती कामाची बांधणी. बाई सकाळी केंद्रावर जाते, कालचे लाटलेले पापड तोलून देते, लाटणावळ घेते आणि आजचं पीठ घेऊन घरी येते. दिवसभर घर सोडावं लागत नाही, पैसा अडकत नाही, आणि कुणापुढे उभं राहून "माझं कधी देता?" असं विचारावं लागत नाही. शिवाय ती सभासद असते, म्हणजे नफ्या-तोट्याची वाटेकरी. तिथे तिला 'बहेन' म्हणतात.

आम्ही काय म्हणायचो? लाभार्थी. फायलीतला शब्द तोंडात बसला होता. एकदा मीटिंगमध्ये एका मावशीने विचारलं, "लाभार्थी म्हंजे काय ओ मॅडम?" मी सांगितलं, ज्याला लाभ मिळतो तो. ती म्हणाली, "मग तुमीच की. पगार तुमाला म्हैन्याला येतोय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही.

आता तुमच्या नोंदणीचं. कलम 8 ची, म्हणजे ना-नफा, कंपनी काढलीत तर नफा सभासदांत वाटता येत नाही. तो संस्थेच्या उद्देशासाठीच वापरावा लागतो. ट्रस्टमध्येही मालक कुणीच नसतो, विश्वस्त असतात आणि ते बहुतेक तुम्ही आणि तुमचे मित्र असाल. बायकांची मालकी खरोखर हवी असेल तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी (माल बनवणारेच जिचे मालक असतात ती) बघा. उत्पादक कंपनीला किमान 10 उत्पादक सभासद लागतात, आणि शेअर कितीही असोत, मत प्रत्येकीला एकच. कागदपत्रांचा व्याप आहे, सी.ए.चा खर्च आहे. म्हणून पहिलं वर्ष साध्या बचत गटावरच काढा, असं मी म्हणेन.

"अडाणी बायका मालक कशा होणार?" असं कुणी ना कुणी म्हणेलच. तुमच्यापासून फार लांब नाही, माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथे सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी महिला बँकेसाठी अर्ज केला, तर बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका अक्षरं गिरवायला लागल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर घेऊन करायला सांगा, असं त्यांनी तिथे सांगितलं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. रोजंदारीवरच्या बाईला बँकेत यायला दिवस मोडावा लागतो, म्हणून ही बँक तिच्या दारात जाते. पुन्हा तेच, रोजचा पैसा.

अनुदानाच्या मागे आत्ताच लागू नका. त्याचा हप्ता कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि तोवर मशिनं घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याऐवजी तीन महिन्यांची मजुरी आधी बँकेत बाजूला ठेवा. तेवढे पैसे नसतील तर बारा बायका घेऊ नका, चार घ्या. उधारीची ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊच नका; आठवडी बाजार आणि पुण्यातल्या ओळखीच्या सोसायट्या पुरेत. तराजू आणि वही बायकांच्याच हातात द्या. सुरुवातीला चुका होतील. आमच्याही हिशोबात व्हायच्या, फक्त आमच्या कुणाला दिसायच्या नाहीत.

एक करा. या रविवारी गावी गेलात की सध्या खुरपणीला बायकांना किती रोज मिळतो आणि वर्षातले किती दिवस मिळतो, ते विचारून इथे लिहा. भाकरीमागे किती मजुरी द्यावी लागेल, ते मग मांडू.