पणजोबांचं 1915 चं पत्र: थापा नाहीत त्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ट्रंकेत पणजोबांचं शके 1837 चं पत्र सापडलं, अर्धं मोडीत, पहिल्या महायुद्धातल्या एका चकमकीचं वर्णन जेमतेम सहा ओळी, गावाचं नाव नाही, बाकी सगळं बैल, सावकार आणि मनिऑर्डर, त्यात वर लिहिलंय की होडीतून पाणी ओलांडून गेलो आणि समोर शत्रूची माणसं जमिनीच्या वर तरंगत होती, म्हणून घरात सगळे म्हणतायत की म्हाताऱ्याने थापा मारल्यात. मला तर हे पत्र अस्सल वाटतंय, आणि तेही त्या तरंगणाऱ्या माणसांमुळेच.

शके 1837 म्हणजे 78 मिळवून 1915, जानेवारीपासून पुढची तिथी असेल तर 79 मिळवा म्हणजे 1916. पलटणीचा नंबर पुसट आहे, 110 की 117 कळत नाही म्हणालात, पण इथे त्याने फार बिघडत नाही कारण या दोन्ही मराठा पलटणी इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या आणि दोन्ही एप्रिल 1915 मध्ये आजच्या इराकमधल्या बसऱ्याजवळ शैबा या ठिकाणी तुर्कांशी लढल्या. 12 ते 14 एप्रिल. त्या वेळी बसरा आणि शैबा यांच्यामधला सगळा पट्टा पुराच्या पाण्याखाली होता, माणसं आणि सामान बेलम नावाच्या लांबट होड्यांतून न्यावं लागायचं, आणि शैबाच्या पुढे कोरडं रखरखीत वाळवंट. तिथे मृगजळ इतकं जबरदस्त असायचं की समोरचा माणूस किती लांब आहे, उभा आहे की आडवा, घोडा आहे की झुडूप, काही सांगता यायचं नाही. लढाईच्या शेवटी जखमींना आणायला निघालेल्या खेचरांच्या गाड्यांची धूळ तुर्कांना नवी कुमक वाटली आणि ते मागे हटले अशी हकीकत सांगितली जाते. आता सांगा, कोकणातून किंवा घाटावरून गेलेल्या माणसाला आधी पाणी, मग वाळवंट, मग हवेत तरंगणारी माणसं हे घरी बसून सुचलं असतं का? मृगजळात डोळ्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

गावाचं नाव का नाही, तर पत्रं सेन्सॉर व्हायची. सगळ्यांना ठाऊक होतं की आपलं पत्र साहेबाच्या हातातून जाणार. फ्रान्समध्ये गेलेले हिंदी शिपाई तर आपल्या लोकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून लिहायचे, कुठली मिरची किती संपली यावरून घरच्यांनी ओळखायचं. म्हणून तुमच्या पत्रात धान्य, पीकपाणी, बाजारभाव असं काही अचानक मध्येच आलं असेल तर ती ओळ दोनदा वाचा, अर्थात प्रत्येक ओळीत गुपित शोधत बसू नका, बहुतेक वेळा ज्वारी म्हणजे ज्वारीच असते.

दुसरी गोष्ट, हे पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं असेलच असं नाही. पलटणीत लिहिता येणारे थोडे, बाकीचे सांगायचे आणि दुसरा लिहायचा. तीर्थस्वरूप वडिलांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील सर्व खुशाल, हा सगळा लिहिणाऱ्याचा साचा. सही आणि मजकूर एकाच हाताचे आहेत का बघा, अंगठा असेल तर प्रश्नच मिटला. आणि गावात पोचल्यावर पुन्हा ते कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, मास्तर किंवा पोस्टमन, भोवती आई, बायको, भाऊबंद, शेजारी. म्हणजे तुमचे पणजोबा एका अनोळखी साहेबासमोर आणि सगळ्या आळीसमोर बोलत होते. भीती वाटली, शेजारचा मेला, पाण्याविना जीव कासावीस झाला, हे आईच्या कानावर घालायचं कसं? सहा ओळी लिहिल्या हेच मला पुष्कळ वाटतं. आणि त्याच कागदावर दुसरा बैल घेतला का, मनिऑर्डर पोचली का, सावकाराला किती दिले, हे विचारलंय, तो त्यांचा खरा जीव होता. पगारासाठीच गेले होते ते. घरच्यांनी तो भाग कंटाळवाणा म्हणून सोडलाय असं तुम्ही लिहिलंत, कृपा करून सोडू नका, शब्द न् शब्द उतरवून घ्या.

पणजोबा परत आले पण पुन्हा कधी लढाईबद्दल बोलले नाहीत म्हणता, त्याचंही कारण असू शकतं. शैबानंतर याच पलटणी तैग्रिस नदीच्या काठाने वर बगदादच्या दिशेने गेल्या, नोव्हेंबरात बगदादजवळ टेसिफोनच्या लढाईत प्रचंड माणसं गमावली आणि डिसेंबर 1915 पासून त्याच नदीकाठच्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. जवळपास पाच महिने. घोड्याचं मांस खायला कित्येक हिंदी शिपाई तयार नव्हते, उपासमार आणि स्कर्व्हीने, म्हणजे ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, माणसं खंगली, 29 एप्रिल 1916 ला शरणागती, मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि पुष्कळ हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातल्या रास अल ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचे एक चुलत पणजोबा 103 व्या पलटणीत होते, त्यांचं शेवटचं पत्र 1915 च्या दसऱ्याच्या सुमाराचं, पुढे काही नाही. तुमचे जखमी होऊन आधीच परत आले की कुतमधून जिवंत सुटले हे शोधण्यासारखं आहे.

शोधायचं कसं, तर लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ 95 या मालिकेत पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, त्यात रोजच्या हालचाली सापडतात. साध्या शिपायाचं नाव त्यात मिळेल अशी आशा धरू नका, पण तारीख आणि जागा जुळवता येते. गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत जर्मनच्या लढाईची, म्हणजे पहिल्या महायुद्धाची, दगडी पाटी आहे का तेही बघा, इतके गेले इतके मेले एवढंच असतं तिच्यावर, साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावची तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि कृपया लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात नको, आमच्या पत्रावर काकांनी लावलेल्या टेपखालची अक्षरं कायमची गेली. उन्हात न ठेवता खिडकीजवळ सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाकीट असेल तर त्याचाही, तिकिटावर आय.ई.एफ. (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, परदेशी लढायला गेलेली हिंदी फौज) असं छापलंय का, फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर कुठला नंबर आहे ते नीट दिसू दे. मोडीचा भाग इथे टाका, दुसऱ्या पानावरचा पलटणीचा नंबर आधी, तो मी आजच वाचून सांगतो.