संध्याकाळच्या बोटीत कुठलं ऊन?

*ताई, फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे, दक्षिण गोव्यात बाणावलीला. दोन्हीकडचे मिळून 58 जण, तीन दिवस. राहणं-जेवण दोन्ही घरं करतायत, फिरवण्याचं काम माझ्याकडे आलंय. मी तीन सहली ठरवल्या : पहिल्या संध्याकाळी पणजीला मांडवीतली बोट, दुसऱ्या दिवशी दूधसागर, तिसऱ्या दिवशी सकाळी वॉटर स्पोर्ट्स. वर्गणी माणशी 6,200 रुपये. ग्रुपवर चारदा पोल टाकला. मुलीकडच्यांना कसिनो हवाय, आमच्याकडच्यांना मंगेशी, आणि निम्मे लोक उत्तरच देत नाहीत. ज्यांनी पैसे भरले त्यांच्या नावापुढे मी हिरवी टिक करते, तरी 19 जण बाकी आहेत. शिवाय प्रत्येक खोलीत ठेवायचे 2,400 चे वेलकम हॅम्परही माझ्याच गळ्यात. भाऊ म्हणतो, तू जरा जास्तच करतेस. (आत्याचं नाव मी खोडलं. तिला उन्हाचा त्रास होतो म्हणून ती तिन्ही दिवस हॉटेलवरच थांबणार आहे. सदाशिव पेठेत एकटीच असते, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, तिला तशी माणसांची सवय नाही.) एवढ्या लोकांचं एकमत करायचं तरी कसं?*
*– एक दमलेली करवली, कोथरूड*

अगं करवलीबाई, कसिनो की मंगेशी हे वाचताना मला जांभई आली, खोटं कशाला बोलू. कंसातल्या ओळींपाशी मात्र मी थांबले ती थांबलेच.

तुझी बोट संध्याकाळची आहे. मांडवीतल्या त्या बोटी दिवेलागणीच्या सुमाराला सुटतात. वरच्या डेकवर वाऱ्याला बसायचं, देखणी-फुगडीचे नाच बघायचे, तासाभरात धक्क्याला परत. त्या बोटीत आत्याला ऊन कुठून लागणार होतं?

आणि उन्हाचा त्रास कुणाला, तर ऐन ऑक्टोबर हीटमध्ये तळणीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला! चकलीचा घाणा कधी काढलायस? भाजणीची उकड मळून मळून मनगटं जातात, सोऱ्या दाबून खांदा भरून येतो. आच मोठी केली तर चकली वरून लाल आणि आतून मऊ, म्हणून तेलातले बुडबुडे बसेपर्यंत तिथेच उभं राहायचं. असे दिवसाला किती घाणे होत असतील, आणि तुझे 6,200 रुपये सुटायला किती लागत असतील, हा हिशोब तू कर. अर्धी पेठ दिवाळीत जिच्या दारात पिशव्या घेऊन उभी असते, तिला माणसांची सवय नाही म्हणे.

शाळेत असताना प्रतापगडाच्या सहलीच्या दिवशी मला ताप आला होता. वर्गणी पंचवीस रुपये होती. ताप आईनं आदल्या रात्री ठरवला, आणि मला बजावलं की बाईंनी विचारलं तर अंग अजून दुखतंय म्हणायचं. पुढचे आठ दिवस वर्गात अफजलखानाच्या कबरीच्या गप्पा चालल्या होत्या आणि मी वहीच्या मागच्या पानावर फुलं काढत बसले होते. म्हणून सांगते, असा ताप मला लांबूनही ओळखू येतो. तुझ्या आत्याला आलेलं ऊन त्याच जातीचं आहे.

तू दुष्ट नाहीस, कामात बुडालेली आहेस. पण ती हिरव्या टिकांची यादी! फी न भरलेल्यांची नावं फळ्यावर लिहायचे, तसला प्रकार झाला हा. 58 जण रोज ती यादी उघडतात आणि कुणाच्या नावापुढे टिक नाही ते बघतात. बाकीच्या 19 जणांतही दोन-तीन ‘उन्हं’ असतील, विचारायला जाऊ नकोस. आत्या तुझ्या बाबांची बहीण ना? बहिणीचं नाव ग्रुपवर खोडलं गेलंय हे त्यांना ठाऊक आहे? आणि ज्याचं लग्न आहे त्याच्या बारशाला त्याचं नाव ठेवलं कुणी? आत्यानंच ना?

आता तुझ्या मनात येईल, आत्याचे पैसे मी गुपचूप भरते. मुळीच नाही. तिला ते कळणार, आणि लग्नात तुझ्या हातात जो आहेराचा लिफाफा पडेल त्यात बरोब्बर 6,200 निघतील. एकटीनं संसार ओढलेली माणसं उपकार असेच फेडतात.

वर्गणीच रद्द कर. सगळ्यांची, आजच. भरलेल्यांना पैसे परत, आणि ग्रुपवर एकच ओळ : ‘फिरणं आमच्याकडून.’ कारणं देत बसू नकोस. पाहुण्यांना दुसऱ्या गावी बोलावलंत ते तुमच्या हौसेनं. तिथं त्यांना फिरवायचा खर्च त्यांच्याकडून कसला मागता?

पैसे कुठून, म्हणशील. तीनाची एक सहल कर. आणि हॅम्पर काढून टाक. दोघांना एक खोली धरली तर 29 खोल्या, म्हणजे 69,600 रुपयांच्या टोप्या, सनस्क्रीन नि काजू, जे निम्मे लोक खोलीतच विसरून येणार. दोन बसचं एका दिवसाचं भाडं त्यात बसतं का, ते उद्या फोन करून विचार.

दूधसागर खोड. कुळ्याहून जंगलातून जीपनं जायचं, एका जीपमध्ये सात जण, म्हणजे तुम्हाला नऊ जीपा लागणार. सगळा दिवस त्यात जातो, आणि फेब्रुवारीत धबधब्याला पावसाळ्यासारखं पाणीही नसतं. ज्यांना जेट स्की हवी ते समोरच्या किनाऱ्यावर आपापल्या पैशानं करतील, कसिनोवाले रात्री आपापले जातील. मोठी माणसं आहेत, त्यांना पोल कशाला?

रविवार सोडून एखादी सकाळ धर. साडेसातला बस, बोरीच्या पुलावरून फोंड्याकडे. आधी कवळ्याची शांतादुर्गा, मग मंगेशी. दोन्ही देव मूळचे तुमच्या हॉटेलच्या बाजूचे, तेव्हाच्या सासष्टीतले : शांतादुर्गा केळशीची, मंगेश कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी मूर्ती जुवारी नदीपलीकडे नेल्या. कवळ्याचं आजचं देऊळ छत्रपती शाहूंच्या काळातलं आहे. बसमध्ये हे एखाद्या काकांना सांगायला दे. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, एवढं आदल्या रात्री सर्वांना कळव.

तिथून जुनं गोवं. 1605 सालची बाँ जेझूची बॅसिलिका, आत चांदीच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेविअरचं शव. मुलीकडच्यांचे फोटो तिथे मनासारखे होतील. मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर चालत जा. दिवाडी बेटाची फेरीबोट तिथून सुटते. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. पाच-दहा मिनिटांत पलीकडे, थोडं रेंगाळायचं, पुढच्या बोटीनं परत. तुझी मांडवीतली बोटही झाली, फुकटात. ही फेरी भर दुपारची असेल, तेव्हा छत्र्या घ्या. आणि बघ, त्या दिवशी आत्या उन्हाचं नावसुद्धा काढणार नाही.

वर्गणी रद्द झाल्याचा मेसेज ग्रुपवर गेला की येत्या रविवारी बाबांना घेऊन सदाशिव पेठेत जा. फोनवर उरकू नकोस. ‘आम्ही भरतो’, ‘काळजी करू नकोस’ असलं काही बोलू नकोस, वर्गणीचा विषयच नको. पत्रिका दे, हळदी-कुंकू लाव, आणि सांग की बस साडेसातला निघते, पुढची सीट तुझी.

जाताजाता एक. बसमध्ये तोंडात टाकायला आत्यालाच चकलीची ऑर्डर द्यावी, असं डोक्यात आलं असेल तर झटकून टाक. ती पाहुणी आहे. बोरीचा पूल ओलांडल्यावर तिनं स्वतःच पिशवीतून डबा काढला, तर पहिली चकली तू घे. भाजणी कुठली वापरलीस ते विचार. किती झाले, हे विचारू नकोस.