तपासणीआधी गोळ्यांचं पक्कं करा

ताई, तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं शिक्षण) करून यवतमाळकडच्या तालुक्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) पैशांवरचा प्रोग्राम हाती घेतला, तपासण्या जोरात झाल्या, पण गोळ्यांची फाईल सहीवाचून अडकलीय आणि फंडवाले नुसते आकडे मागतात, मग नोकरी सोडू का? वाचून जीव कळवळला, गडचिरोलीत हेच भोगलंय मी.

सोल्युबिलिटी, एचपीएलसी या सिकलसेलच्या रक्ततपासण्या तुम्हाला माहीतच असणार. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक ऑफिस, नाव नको. ग्रामीण रुग्णालयाला हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचा त्रास कमी करणाऱ्या गोळ्या) पुरवायचा कागद तिथं पडून. विचारलं की "वरून पत्र यायचंय", नाहीतर साहेब मिटिंगला, मग बाबूची बदली झाली आणि नवीन बाबू म्हणे अशी फाईलच नाही! इकडे एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली) निघालेली पोरं नुसतं कार्ड घेऊन बसलेली. एक बाई रोवण्याची मजुरी बुडवून पोराला कडेवर घेऊन यायची, त्याच्या हाताची बोटं सुजून टम्म, आणि आमच्याकडे द्यायला काय तर फॉलिक ॲसिड अन् दुखण्याची गोळी. अजूनही संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत, गोळ्या कोण देणार आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कुठं होणार हे एमओयूत (लेखी करारात) आल्याशिवाय पुढचा कॅम्प लावूच नका. फंडवाल्यांना मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, त्यांना स्पष्ट सांगा की किती तपासले यापेक्षा किती जण औषधावर टिकले ते मोजा. गोळ्या स्वतः विकत घेऊन वाटायच्या भानगडीत पडू नका, रक्तावर लक्ष ठेवावं लागतं (मी डॉक्टर नाही, डोसचं एमओंना, म्हणजे मेडिकल ऑफिसरनाच विचारा). अर्ज दिला की आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबरसकट पोच घ्या. आरटीआयच्या (माहिती अधिकाराच्या) अर्जाला उत्तरासाठी 30 दिवस, पण तो शेवटी, रोज त्याच लोकांशी काम असतं. सगळीकडे असंच असतं असं नाही, चांगले अधिकारीही भेटलेत.

नोकरी एवढ्यात सोडू नका, आशाताईंचा तुमच्यावर बसलेला विश्वास नवीन माणसाला लगेच मिळत नाही.

आणि हो, वाहकांची (स्वतःला आजार नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो अशांची) यादी ग्रामपंचायतीत लागू देऊ नका, पोरींची लग्नं मोडतात हो. दोघंही वाहक असले तरच दर बाळंतपणात एसएसची 25% शक्यता, हे मुलाकडच्यांनाही बसवून समजवा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, तेव्हा एसएसवाल्यांचे यूडीआयडीचे (दिव्यांग ओळखपत्राचे) अर्ज आत्ताच भरून घ्या, त्यासाठी ती फाईल हलायची वाट बघायची गरज नाही.