खापरपणजोबांचा माग : इंग्लंडची जनगणना आणि मृत्युपत्रे

इंग्लंडमधल्या पूर्वजांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. उत्तरे इंग्लंड आणि वेल्सपुरती आहेत. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे कायदे वेगळे, दप्तरेही वेगळी.

प्रश्न : आमची सून लँकेशायरची. नातीसाठी तिच्या माहेरची वंशावळ करायला घेतली आहे. सुनेच्या पणजोबांचे नाव आणि १९०५ च्या सुमाराचा जन्म, एवढेच हाती आहे. सुरुवात कुठून करावी?

१९२१ च्या जनगणनेपासून. तिथली घरोघरची माहिती शंभर वर्षे बंद ठेवतात, त्यामुळे आज पाहायला मिळणारी सगळ्यात अलीकडची जनगणना हीच. ती जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. सुनेचे पणजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असणार, म्हणजे बहुधा आईवडिलांच्या घरातच सापडतील. या जनगणनेत वय वर्षे आणि महिने असे दिलेले आहे. नोकरी करणाऱ्याच्या मालकाचे नावही लिहिलेले असते.

तिथून १९११ कडे मागे जा. या वर्षीचा कागद कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला असतो, म्हणजे पूर्वजाचे हस्ताक्षर पाहायला मिळते. (१८४१ ते १९०१ पर्यंत आपल्याला दिसते ती प्रगणकाने वहीत उतरवलेली नक्कल.) शिवाय त्यात लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती गेली हे विचारलेले आहे. लग्नाची वर्षे वजा केली की विवाहनोंदणी कोणत्या साली शोधायची ते कळते. पाच मुले जन्मली आणि घरात तीनच दिसत असतील, तर दोघांचा पत्ता लावायचा आहे हेही तिथेच समजते. जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. एकाच नावाची चार मुले समोर आली तर निवाडा त्यावरून करता येतो.

१९३१ चे कागद शोधू नका. ते डिसेंबर १९४२ च्या आगीत जळाले. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. ही पोकळी काही अंशी भरते ती युद्ध सुरू झाल्यावर केलेली नागरिकांची २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही. त्यात पूर्ण जन्मतारीख असते आणि पुष्कळ स्त्रियांच्या नावापुढे नंतरच्या लग्नाचे आडनाव वरून लिहिलेले असते. हयात असू शकणाऱ्या माणसांच्या ओळी मात्र झाकलेल्या असतात.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक नोंदीचा मालिका क्रमांक, पीस (मालिकेतला खंड), फोलिओ (खंडातले पत्रक) आणि पान टिपून ठेवा. १८४१ व १८५१ साठी मालिका एचओ १०७, १८६१ साठी आरजी ९ आणि पुढे दर जनगणनेला एक आकडा वाढत १९२१ साठी आरजी १५. संकेतस्थळे बदलतात, हे क्रमांक बदलत नाहीत.

प्रश्न : १८४१ मध्ये वय ३५ आणि १८५१ मध्ये ४८. बायकोचे नाव तेच, गाव तेच. हे दोन वेगळे पुरुष असतील का?

एकच असण्याचा संभव जास्त. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहा, अशी प्रगणकांना सूचना होती. ३५ म्हणजे ३५ ते ३९ यांतले काहीही. १८५१ मध्ये ४८ असलेला माणूस ६ जून १८४१ रोजी ३८ किंवा ३९ चा होता, म्हणजे ३५ लिहिणे नियमाला धरूनच झाले. काही प्रगणकांनी खरे वय लिहिले, म्हणून ३७ दिसले तरी गडबडू नका.

१८४१ ची खरी अडचण वयाची नाही, नात्याची आहे. त्या वर्षी नाते विचारलेच नव्हते. एका घरात पुरुष, स्त्री आणि तीन मुले दिसली म्हणून ते जोडपे आणि त्यांची मुले असे धरू नका. भाऊ, विधवा बहीण आणि तिची मुलेही अशीच दिसतात. जन्मस्थानाबद्दल याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म झाला की नाही, आणि स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशातला असेल तर तसे, एवढेच असते. मूळ लिखाण पेन्सिलीचे, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पुसट झाले आहे. नावांच्या कडेला तिरप्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे एक कुटुंब संपले, दोन रेघा म्हणजे घर संपले. सूची तयार करताना या रेघा गळतात, म्हणून मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय काहीही नोंदवू नका.

१८४१ वाचायचे ते १८५१ हातात घेऊनच. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते, विवाहस्थिती आणि जन्माचे पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) दिलेले आहे. मुलांची जन्मस्थाने ओळीने वाचा. थोरला एका पॅरिशचा, मधली दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, तर कुटुंब कुठून कुठे आणि साधारण केव्हा सरकले ते उघड होते. बाप्तिस्म्याच्या नोंदी कोणत्या चर्चमध्ये पाहायच्या हेही त्यावरून ठरते. नात्याच्या रकान्यात एक सावधगिरी हवी. ‘सन-इन-लॉ’ असे लिहिलेला दहा वर्षांचा मुलगा जावई नसतो, तो बायकोच्या आधीच्या लग्नाचा मुलगा असतो.

प्रश्न : १८७१ मध्ये आणि १८९१ मध्ये कुटुंब सापडते, १८८१ मध्ये नाही. सगळे शोध करून झाले.

आडनाव काढून टाका. फक्त पहिले नाव, जन्माचे पॅरिश आणि वय (दोन वर्षे अलीकडे-पलीकडे) घालून शोधा. कर्त्या पुरुषाऐवजी घरातल्या सगळ्यांत विरळ नावाच्या मुलाला शोधा. दोन हजार ‘विल्यम’मध्ये बाप हरवतो, पण ‘केझिया’ नावाची मुलगी चटकन वर येते. आडनावाच्या सुरुवातीचा ‘ह’ बोलण्यात गळत असे आणि प्रगणक ऐकले तसे लिहीत असे, म्हणून ‘हॅरिस’ला ‘ॲरिस’ करून पाहा. तेही चुकले तर १८७१ चा पत्ता घ्या आणि १८८१ मध्ये ती गल्ली घरोघर वाचा. १८८१ ची संपूर्ण सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे.

जनगणना म्हणजे त्या एका रात्री, ३ एप्रिल १८८१ ला, माणूस जिथे झोपला तिथली नोंद. खलाशी जहाजावर, मुलगी दुसऱ्याच्या घरी कामाला, बाळंतीण माहेरी. वेड्यांच्या इस्पितळात किंवा तुरुंगात असलेल्यांची काही ठिकाणी फक्त आद्याक्षरे लिहिली आहेत.

प्रश्न : पूर्वज १८७४ मध्ये वारले, त्यांचे वडील १८२० च्या आसपास. दोघांची मृत्युपत्रे कुठे मिळतील? आणि सापडलेला माणूस आपलाच हे कसे ठरवायचे?

मधली भिंत आहे १२ जानेवारी १८५८. त्या दिवसापासून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मंजुरी देण्याचे काम, सरकारी न्यायालयाकडे आले. त्याआधी ते चर्चच्या न्यायालयांचे काम होते.

१८७४ चे काम सोपे. राष्ट्रीय प्रोबेट कॅलेंडरमध्ये (मंजूर प्रोबेटांच्या छापील वार्षिक सूचीत) आडनावाप्रमाणे पाहा. पण हे खंड प्रोबेट मंजूर झाल्याच्या सालाचे आहेत, मृत्यूच्या सालाचे नाहीत. मृत्यूनंतर निदान पाच वर्षे पाहा. विधवा गेल्यावर घर विकायची वेळ आली आणि मग वीस वर्षांनी प्रोबेट घेतले, असेही घडते. मृत्युपत्र न करता गेलेल्यांची प्रशासनपत्रे (त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याचा अधिकार देणारे कागद) १८७० पर्यंत वेगळी छापलेली आहेत, म्हणून १८५८ ते १८७० दोन्ही ठिकाणी पाहावे लागते. कॅलेंडरच्या चार ओळींतच पत्ता, व्यवसाय, मृत्यूची तारीख व ठिकाण, एक्झिक्युटरची (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांची) नावे आणि रक्कम मिळते. मृत्युपत्राची प्रत सरकारकडून पैसे भरून मागवता येते.

१८२० साठी आधी न्यायालय शोधावे लागते. माणसाची मालमत्ता एकाच आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) हद्दीत असेल तर त्याचे न्यायालय, त्याबाहेर गेली तर बिशपचे. दोन बिशपांच्या हद्दींत पाच पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर आर्चबिशपचे : दक्षिणेला कँटरबरी, उत्तरेला यॉर्क. मधूनच काही गावे भोवतालच्या आर्चडीकन-बिशपच्या हद्दीत न बसणारी असतात, त्यांना ‘पिक्युलिअर’ म्हणत. तुमच्या पॅरिशवर कोणाकोणाची हद्द होती याचे नकाशे प्रसिद्ध झाले आहेत, ते आधी पाहा. तरीही आमचा सल्ला असा की कँटरबरीची सूची प्रथम चाळा. ती ऑनलाइन आहे आणि पैसेवाले लोक सोयीसाठीही तिथेच जात. ही मृत्युपत्रे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पीआरओबी ११ या मालिकेत आहेत. या कारकुनांनी वहीत उतरवलेल्या नकला आहेत, खालची सही पूर्वजाची नव्हे. यॉर्कची मृत्युपत्रे तिथल्या बोर्थविक संस्थेत आणि वेल्सची ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बाकीची बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारात. डेव्हनचे कुटुंब असेल तर धीर धरा. तिथली मूळ मृत्युपत्रे मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्झिटरला नष्ट झाली. अशा वेळी १७९६ पासूनची मृत्युकराची रजिस्टरे, आयआर २६, कामी येतात. त्यात वारसांची नावे आणि मृताशी नाते दिलेले असते.

आता ओळख पटवण्याचे. नाव आणि गाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानणे ही या कामातली सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे, कारण पुढच्या चार पिढ्या दुसऱ्याच्या वंशावळीत जातात. निदान तीन स्वतंत्र धागे जुळवा. १८७४ चे मृत्युपत्र आणि १८७१ ची जनगणना शेजारी ठेवा. पत्ता तोच आहे का? व्यवसाय तोच का? मृत्युपत्रातल्या लेकी सासरच्या आडनावाने असतात. त्या जावयांची घरे १८७१ मध्ये शोधा आणि तिथल्या बायकोचे जन्मस्थान तुमच्या घराशी जुळते का ते पाहा. मग साक्षीदार घ्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसे, म्हणून तो बहुधा शेजारी किंवा वकिलाचा कारकून असतो. जनगणनेच्या त्याच पानावर साक्षीदार दोन घरे सोडून राहताना दिसला, तर ती फार भक्कम खूण. आणि उलट पुरावाही मुद्दाम शोधा : त्याच पॅरिशमध्ये त्याच नावाचा दुसरा माणूस होता का? असेल तर त्याचेही कुटुंब शेवटपर्यंत नेऊन त्याला बाजूला काढा. हे कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

प्रश्न : १८१२ च्या मृत्युपत्रात थोरल्या मुलाला फक्त एक शिलिंग ठेवला आहे. बापाने त्याला तोडले होते का?

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. थोरल्याला बहुतेक वेळा त्याचा वाटा आधीच मिळालेला असे, लग्नात किंवा धंदा घालून देताना. मृत्युपत्रात नाव न घेतलेली स्थावर मालमत्ता कायद्यानेच थोरल्याकडे जाई. हा नियम १९२५ च्या कायद्याने संपला. शिलिंग ठेवण्याचा हेतू, त्याला विसरलो नाही हे कागदावर यावे आणि पुढे वाद होऊ नये, हा. मॅनरची (जमीनदाराच्या वतनाची) कॉपीहोल्ड जमीन, म्हणजे त्या वतनाच्या वहीतल्या नोंदीवर धारण केलेली जमीन, मॅनरच्या न्यायालयातून हस्तांतरित होई, तेव्हा तिथल्या वह्याही पाहा.

रकमेवरूनही गरिबी-श्रीमंती ठरवू नका. १८९८ पूर्वीच्या प्रोबेट कॅलेंडरमधला आकडा जंगम मालमत्तेचा आहे, जमीन त्यात धरलेली नाही. आणि १८८२ च्या कायद्याआधी नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाहितेला मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून जुन्या सूचीत स्त्रिया दिसतात त्या बहुतेक विधवा किंवा अविवाहित.

प्रश्न : पूर्वज इंग्रज, मुंबई इलाख्यात नोकरीला होते आणि इथेच वारले. १८५१ मध्ये त्यांची बायको इंग्लंडमध्ये दिसते, ते दिसत नाहीत.

ते इथे असतील तर तिथल्या जनगणनेत येणारच नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. दफनाची नोंद मुंबईच्या चर्चनोंदींत, एन/३ मालिकेत पाहा आणि मृत्युपत्र एल/एजी/३४/२९ मध्ये. इंग्लंडमध्येही मालमत्ता असेल तर दुसरी प्रत कँटरबरीच्या न्यायालयात आली असण्याचा संभव आहे. बायकोच्या १८५१ च्या ओळीत मुलांच्या जन्मस्थानी ‘ईस्ट इंडीज’ लिहिले आहे का ते बघा. असेल तर त्या मुलांचे बाप्तिस्मेही एन/३ मध्येच मिळण्याची शक्यता आहे, आणि त्या नोंदीत बापाचा हुद्दा व पलटण सापडू शकते.