आधी बांबूचा हिशेब समजून घे

अगं, जागतिकीकरणावरची जाडजूड पुस्तकं जरूर वाच. पण सुरुवात गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावापासून कर. उभं जंगल जीडीपीत जवळपास दिसत नाही, तोडून विकलेला बांबू दिसतो. तिथला बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याला जायचा आणि गावाच्या हाती फार तर मजुरी पडायची. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. ही मधली दोन वर्षं नीट अभ्यास. मालकी कागदावर मिळते, बाजाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते. कोको पिकवणाऱ्या घानाचं दुखणंही हेच.

मेंढा गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. त्यात वेळ फार जातो. सुरुवातीला मला तो वाया वाटायचा, आता वाटत नाही. ‘पर्यायी विकास’ हा शब्द वापरण्याआधी अशा एखाद्या सभेत दिवसभर बस, आणि बायका काय बोलतात ते वहीत उतरव. परत आलीस की राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स वाचू. राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं कल्याण ठरवता येत नाही, असं त्यांनी 1934 मध्येच बजावलं होतं.